गाण्याखालचा आवाज

बेंगळुरूत, हेब्बाळच्या तळ्याकडे जाणाऱ्या एका गल्लीत, तळमजल्यावर, शिवलीलाक्कांची खोली आहे. बाहेर पाटी नाही. ज्याला पाटी लावावी लागते त्याचं काम कच्चं असतं, असं अक्कांचं मत. अक्कांना मतं पुष्कळ, आणि ती न मागता मिळतात. जुन्या व्हिडिओ कॅसेटवरची शूटिंगं कॉम्प्युटरवर उतरवून देणं हा त्यांचा सध्याचा उद्योग. सर्जापूर रोडच्या उंच उंच इमारतींतून लोक पिशव्या घेऊन येतात, पिशवीतून बुरशी आलेल्या कॅसेट निघतात, आणि अक्का पहिल्यांदा त्यांना झापतात. "फ्रीजवर ठेवलीत ही? फ्रीजवर? लोणच्याची बरणी हाय काय ही?" माणूस ओशाळला की मग त्याला कॉफी मिळते.

अक्का मूळच्या निपाणीच्या. लग्न करून बेंगळुरूला आल्या तेव्हा यजमान, बसवंतअण्णा, होसकोट्याच्या एका कारखान्यात होते. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि भांडण दोन्हींत, अशी त्यांच्या संसाराची भाषा ठरून गेली. अण्णा दिवसभर कारखान्यात, घरात करण्यासारखं फारसं नाही, म्हणून अक्कांनी शहरातल्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नोकरी धरली. आधी मिक्सर आणि इस्त्र्या विकल्या. मग दुकानात व्हिडिओ कॅमेरे आले. बाकीचे विक्रेते त्या कॅमेऱ्यांना हात लावायला घाबरत, न जाणो पडला बिडला तर! अक्का घाबरल्या नाहीत. मालकांना सांगून त्या एकेक कॅमेरा सुटीच्या दिवशी घरी घेऊन जायच्या. समोर दुसरं कोण असणार? बसवंतअण्णा उप्पीट खाताना, हा एकच प्रसंग त्यांनी बाजारात आलेल्या प्रत्येक तऱ्हेच्या कॅसेटवर घेऊन ठेवला आहे. अण्णा म्हणायचे, "हिच्यापायी मी गार उप्पीट खाऊन खाऊन म्हातारा झालो."

पण त्या गार उप्पिटामुळे अक्कांचं काउंटर गाजलं. गिऱ्हाईक आलं की बाकीचे विक्रेते विचारत, बजेट किती? अक्का विचारत, "कॅमेरा धरणार कोण? आणि घरात बसून बघणार कोण?" या दोन प्रश्नांवर त्या निकाल देत.

तेव्हा घरगुती गिऱ्हाइकापुढे मुख्य वाटा तीन. एक, मोठी व्हीएचएस कॅसेट घेणारा, खांद्यावर ठेवायचा कॅमेरा. दुसरा व्हीएचएस-सी, म्हणजे फीत तीच पण छोट्या डबीत; ती डबी मोठ्या कॅसेटच्या आकाराच्या एका खोक्यात बसवली की घरच्या व्हीसीआरमध्ये चालायची. तिसरा एट एमएम. त्याची कॅसेट गाण्याच्या कॅसेटएवढी चिमुकली आणि चालायची मात्र भरपूर वेळ. पण व्हीसीआरमध्ये जात नसे. बघायचं तर कॅमेराच वायरीनं टीव्हीला जोडायचा.

"मोठा घेतलात तर हात हलणार नाही, चित्र स्थिर येईल," अक्का सांगत, "पण नंदी हिल्सला जाताना कॅमेऱ्यासाठी वेगळा हमाल करा. एट एमएम फिरतीला बेस्ट. एका कॅसेटीत अख्खं म्हैसूर बसतंय. पण दुपारी सासूबाईंना नातवाचं बारसं बघावं वाटलं तर? त्या वायर जोडणार? संध्याकाळी तुम्ही दमून आलात की आधी वायर, मग चहा. व्हीएचएस-सी घ्या. अर्ध्या तासात कॅसेट संपते, संपू द्या. अर्ध्या तासाच्या वर कुणाचंही बारसं कुणाला बघवत नाही."

लोक हसत आणि घेऊन जात. झूमवर तर अक्कांचा विशेष राग. झूम म्हणजे लोणचं, ताटात चवीपुरतं, असं त्या बजावत. आठपट झूमचा कॅमेरा बारापट झूमवाल्यापेक्षा वाईट नसतो, झूम करणारा माणूस वाईट असतो. डब्यावर लिहिलेलं असे की दोन लक्स, म्हणजे अगदी जेमतेम, उजेडातही शूटिंग होतं, अक्का म्हणत, "होतंय की. पण दिवे घालवून केक कापलात तर पोरगं कुठलं आणि केक कुठला हे नंतर तुम्हीच सांगा." तारीख पडद्यावर उमटवायचं बटण असे, ते त्या सुरुवातीला एकदाच दाबायला लावत, नाहीतर आयुष्यभर नवरीच्या हनुवटीवर तारीख. आणि कुणी हाय-फाय स्टिरिओ आवाजाच्या महाग कॅमेऱ्यापाशी घुटमळलं, तर त्याला त्या हाताला धरून बाजूला आणत. "घरच्या शूटिंगला स्टिरिओ कशाला? पाळणा डावीकडून ऐकू आला काय आणि उजवीकडून काय! चित्राला पैसे घाला. आवाज काय, येतोच."

या मतावर त्यांनी किती घरांना साधे कॅमेरे घ्यायला लावले असतील याची गणतीच नाही. आणि लोक खूश होते. ज्याला जे हवं ते अक्का देत नसत, त्याला जे लागेल ते देत, आणि थोड्या दिवसांनी त्याला वाटे की आपल्याला हेच हवं होतं.

पुढे हाय-एट आला, डिजिटल कॅसेट आली, मग कॅसेट जाऊन कार्ड आलं, आणि शेवटी फोन आला. फोन आल्यावर काउंटर बंद झालं. दुसरी एखादी हळहळत बसली असती. अक्कांनी दुकानात पडून राहिलेले व्हीसीआर, कॅमेरे आणि वायरींची पोती रिक्षात घालून घरी आणली. अण्णांनी विचारलं, "हे भंगार कशाला?" अक्का म्हणाल्या, "लोकांच्या घरात कॅसेटी हायत आणि मशीन नाही. येतील बघा." लोक आले. अक्कांचा अंदाज चुकला असं सहसा होत नाही, आणि झालं तर त्या ते कुणाला कळू देत नाहीत.

एका शनिवारी सकाळी फोन आला. बाई तरुण, बोलणं पुण्याचं.

"हॅलो, शिवलीला मॅडम? मी सुचेता, सर्जापूर रोडवरून. माझ्याकडे एक व्हीएचएस-सी टेप आहे, माझ्या सहाव्या बर्थडेची. पण त्यावर सगळीकडे गाणं डब केलंय. खालचा ओरिजिनल ऑडिओ रिकव्हर होईल का? एआय वगैरे वापरून?"

"डब केलंय म्हणता?" अक्का म्हणाल्या. "मग गेलं ते. पाटी पुसून नवीन लिहिल्यावर जुनं कुठनं यायचं? एआय काय करतंय त्याला, बाई!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला.  मग सुचेता म्हणाली, "माझे बाबा मी सात वर्षांची असताना गेले. अ‍ॅक्सिडेंट. शूटिंग कायम तेच करायचे, म्हणून एकाही फ्रेममध्ये ते नाहीत. फोटो आहेत. पण आवाज कसा होता, ते मला आठवतच नाही. मी खूप ट्राय करते. नाही आठवत."

 "स्वल्प थांबा," अक्का म्हणाल्या आणि उगाच नाक पुसलं. "चित्र तरी वाचवूया. फितीला बुरशी धरली की तेही जाईल. उद्या घेऊन या."

रविवारी सुचेता आली ती आईला घेऊन. आई पुण्याहून लेकीकडे राहायला आलेल्या होत्या. सत्तरीच्या, नीटस, सुती साडी, मांडीवर पर्स धरून दाराजवळच्या खुर्चीत बसलेल्या. सुचेता टीव्हीसमोरच्या स्टुलावर. दोघींच्या मध्ये खोलीची सगळी लांबी. माणसं कुठे बसतात यावरून अक्का घरातलं हवामान ओळखतात, तसं त्यांनी ते लगेच ओळखलं.

"बाकीच्या टेप्स घर बदलताना गेल्या. एवढी एकच उरली," सुचेता म्हणाली. मग आईकडे न बघता, "गाणं आईनेच भरलं. बाबा गेल्यावर. कॅमेऱ्यात ऑडिओ डबचं बटण होतं. मला पंधरा-सोळाव्या वर्षी कळलं. का केलं म्हणून विचारलं तर म्हणाली, गाणं छान होतं."

आईंनी पर्सची चेन थोडी उघडली आणि लावली. अण्णा कॉफी घेऊन आले होते, ते तीन पेले ठेवून पाय न वाजवता परत गेले.

अक्कांनी डबी उघडली, फितीवरचा पांढरा थर अलगद पुसला, डबी मोठ्या खोक्यात बसवली आणि खोका आपल्या सगळ्यांत आवडत्या मशीनमध्ये सरकवला. चित्र आलं. पुण्याच्या फ्लॅटमधला हॉल, फुगे, कागदी टोप्या घातलेली पोरं, लाल फ्रॉकमधली लहानगी सुचेता, आणि त्या सगळ्यावर एक जुनं, लाडिक सिनेमागाणं. पोरं तोंड उघडत होती आणि गाणं वाजत होतं. सुचेताचा चेहरा आवळला. हे गाणं ती कुठल्या लग्नात लागलं तरी उठून बाहेर जाते, असं तिनं नंतर सांगितलं.

चित्र चांगलं होतं. रंग जरा उडालेला, पण चांगलं. अक्का ते सांगायला वळणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष मशीनच्या तोंडाकडे गेलं आणि त्यांनी बटण दाबून फीत थांबवली.

मशीनवर एक बारीक दिवा लागला होता. हाय-फायचा.

या दिव्याकडे अक्कांनी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. त्यांच्या मशीनवरची कळ कायम साध्या आवाजावर असे, कारण घरगुती कॅसेटवर हाय-फाय असतोच कुठे, हे त्यांचं मत, आणि स्वतःच्या मताची पुन्हा तपासणी करण्याची अक्कांना सवय नाही. त्यांनी पुन्हा फीत सुरू केली. दिवा लागला. थांबवली. विझला. सुरू केली. लागला.

"कॅमेरा कुठला होता तुमचा?" त्यांनी आईंना विचारलं. आवाज एकदम चढलेला.

आई दचकल्या. "नाव नाही आठवत. ह्यांचे मित्र मस्कतला होते, त्यांच्याकडून मागवलेला. पुढे विकला मी तो. पण ह्यांनी निवडून निवडून घेतला होता. समोर दोन माइक होते त्याला. मी म्हटलं, एवढा महाग कशाला? तर म्हणाले, चित्र काय कुठलाही काढेल, आवाज चांगला यायला पाहिजे."

अक्का मटकन खुर्चीत बसल्या. मग हसायलाच लागल्या. "अय्यो शिवने! बरं झालं तुमचे यजमान पुण्यात होते. माझ्या काउंटरवर आले असते तर मी त्यांना हा कॅमेरा घेऊच दिला नसता. हाताला धरून बाजूला आणलं असतं!"

"म्हणजे काय?" सुचेतानं विचारलं.

अक्कांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा नेहमीचा काउंटरवरचा सूर परत आला. व्हीएचएसच्या फितीवर आवाज दोन जागी राहू शकतो. एक फितीच्या काठावर, चिंचोळ्या पट्टीत. साधं मशीन तेवढाच ऐकवतं, आणि डब केला की तोच पुसला जातो. पण हाय-फायचा कॅमेरा असेल तर तो तोच आवाज आणखी एकदा भरतो, चित्राच्या पट्ट्यांतच, चित्राखाली. तिथं ऑडिओ डबचं बटण पोचत नाही. तो आवाज काढायचा तर चित्रच पुसावं लागेल. "तुमच्या घरचा व्हीसीआर साधा असणार. त्यानं तुम्हाला इतकी वर्षं नुसतं गाणं ऐकवलं. मी काल फोनवर 'गेलं' म्हटलं, ते चुकलं माझं. कॅमेरा कुठला ते आधी विचारायला पाहिजे होतं."

अक्कांनी स्वतःची चूक स्वतःच्या तोंडानं कबूल केलेली आतल्या खोलीत अण्णांनी ऐकली, आणि ते खरं की खोटं ते बघायला आतल्या दारात येऊन उभे राहिले.

"मग आहे तो आवाज?" सुचेता उठून उभी राहिली होती.

"दिवा लागलाय म्हणजे काहीतरी हाय. कसा हाय ते कळ फिरवल्यावर कळंल. फीत जुनी, कदाचित नुसती खरखर निघंल. सांगून ठेवते."

अक्कांनी कळीवर हात ठेवला. तेवढ्यात आई म्हणाल्या, "लावायलाच हवं का?"

"आई, प्लीज!" सुचेताचा आवाज फाटला. "तीस वर्षं तू भरलेलं ते गाणं ऐकलंय मी. आता मला ऐकू दे ना!"

कुणाचं ऐकायचं, असा प्रश्न अक्कांना आयुष्यात पडला नव्हता. आता पडला. त्यांनी आईंकडे बघितलं. नवऱ्याचा आवाज बायकोचाही असतो, तिला नको असेल तर? आईंनी पर्स बाजूला ठेवली, डोळे मिटले आणि मान हलवली. लावा.

अक्कांनी कळ फिरवली.

गाणं गेलं. त्याच्या जागी मधमाश्यांचं पोळं फुटल्यासारखी घरघर आली, इतकी मोठी की सुचेतानं कानांवर हात ठेवले. आतून काही कळेना. अक्का मात्र या आवाजाला घाबरणाऱ्या नव्हेत. फीत आणि मशीन एकमेकांशी जुळत नसली की हे असं होतं, आणि न जुळणाऱ्यांना जुळवायला त्यांचा हात बसलेला. ट्रॅकिंगचं बटण त्या हळूहळू फिरवत गेल्या. इकडे, आणखी इकडे, जरा मागे. घरघर पातळ झाली. एक वाटी पडल्याचा आवाज आला. मग पोरांचा कालवा. मग एका तरुण बाईचं खळखळून हसणं, आणि सुचेतानं चमकून पडद्याकडे बघितलं, कारण आईचं असं हसणंही तिनं कधी ऐकलं नव्हतं.

आणि मग, अगदी जवळून, जणू खोलीतच कुणी उभं आहे इतक्या जवळून, पुरुषाचा आवाज आला. कॅमेरा ज्याच्या तोंडापाशी असतो त्याचाच आवाज सगळ्यांत स्पष्ट येतो. जाडसर, हसरा, थोडा नाकातला आवाज.

"हं, चालू झालं. शुभंकर, खाली बस रे, तुझं डोकं येतंय मधे. सुचू! अगं सुचू, माझ्याकडे काय बघतेस सारखी? मी कुठे पळून जातोय? आईकडे बघ. आई काय सांगतेय बघ."

पडद्यावरची लाल फ्रॉकवाली मुलगी तरीही कॅमेऱ्याकडेच बघत राहिली, लाडात येऊन, मान वाकडी करून.

स्टुलाजवळ उभी असलेली सुचेता मात्र वळली. सकाळपासून पहिल्यांदा तिनं आईकडे बघितलं. आई पडद्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी मान पूर्ण फिरवली होती आणि त्या खोलीच्या बाहेरच्या, बंद दाराकडे बघत होत्या.

अक्कांनी न विचारता फीत थांबवली.

"आई? काय झालं? तिकडे काय आहे?"

"काही नाही गं." आईंनी पदरानं डोळे टिपले, पण पाणी थांबेना. "सवय. ते गेल्यावर तू शाळेतून आलीस की ही कॅसेट लावायचीस. त्यांचा आवाज आला की उठून दाराकडे धावायचीस, बाबा आले म्हणून. दार उघडायचीस, जिन्यात बघायचीस, परत यायचीस. पुन्हा आवाज आला की पुन्हा धावायचीस. रोज. मी कॅसेट लपवली तर जेवली नाहीस. शेवटी मला सहन होईना. म्हटलं, चित्र असू दे हिला, आवाज नको. एका दुपारी टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून गाणं भरलं. त्या संध्याकाळी तू पहिल्यांदा नुसती बसून राहिलीस."

सुचेताला यातलं काहीही आठवत नव्हतं. जिना नाही, दार नाही, धावणं नाही. ती आईच्या खुर्चीपाशी जाऊन खाली फरशीवर बसली.

"मग मी विचारलं तेव्हा हे का नाही सांगितलंस? गाणं छान होतं म्हणालीस! मी किती वर्षं तुझ्यावर चिडून होते, आई."

"चिडू दे म्हटलं," आई म्हणाल्या. "सांगितलं असतं, तर तू परत वाट बघायला लागली असतीस."

दारातले अण्णा आत निघून गेले.  स्टूल उचलून अक्कांनी आईंच्या खुर्चीला लावून ठेवलं, टीव्हीचा आवाज थोडा वाढवला आणि फीत मागे घ्यायला लागल्या.

सुचेतानं आईचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता. "लावा, अक्का," ती म्हणाली. "मी धरलंय तिला."